तलम केस आणि चौदा ग्रॅम कंडिशनर: प्रकल्प नोंदी

२ जून

आज वही उघडली, कारण चिडचिड पुरे झाली. सकाळी आठला केस धुतले, दहाला सुटे, हलके, छान. बाराला आरशात पाहिलं तर भांगाच्या दोन्ही बाजूंना चापून बसलेले, कुणी ओल्या हाताने दाबून बसवावेत तसे. संध्याकाळी टाळू डोकावायला लागतो आणि कुणीतरी हमखास विचारतं, "आज केस धुतले नाहीस का?" धुतले, बाई. धुतले म्हणूनच तर असे झालेत.

दोन वर्षांत कंडिशनरच्या सहा बाटल्या बदलून झाल्या. दर वेळी पहिला आठवडा बरा जातो, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून आता उलटं करायचं: बाटली तीच ठेवायची आणि बाकी सगळं मोजायचं.

नियम असे. एका वेळी एकच बदल, आणि तो किमान तीन धुण्यांवर तपासायचा. केस एक दिवसाआड धुवायचे. तेल, सीरम, जेल सगळं बंद.

मोजमापं तीन. पहिलं म्हणजे उभार. पोस्टकार्डाएवढ्या पातळ पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडलं, त्यातून बोथट टोकाची एक काडी घातली. पुठ्ठा माथ्यावरच्या केसांवर अलगद टेकवायचा, काडी टाळूला लागेपर्यंत खाली सोडायची आणि पुठ्ठ्याखाली ती किती मिलिमीटर गेली ते वाचायचं. टायरची नक्षी किती झिजली हे बघायचं जे माप असतं, त्याचाच हा गरीब भाऊ. वाचन दोनदा: धुतल्यावर दोन तासांनी आणि दहा तासांनी. दुसरं मोजमाप, टिश्यूचा एक पदर भांगावर दहा सेकंद दाबून डाग पडतो का पाहणं. तिसरं, विंचरल्यावर फणीत आलेले तुकडे.

तुकडे म्हणजे गळलेले केस नव्हेत. दिवसाला ५० ते १०० केस गळणं साधारण धरतात, त्यांच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते. तुटलेल्या केसाला ती नसते आणि तो आखूड असतो. मला फक्त हे तुटलेले मोजायचे आहेत. पांढऱ्या कागदावर फणी झटकायची आणि भिंग घेऊन बसायचं. घरात कुणी पाहिलं तर काय म्हणेल, ते म्हणू दे.

३ जून

केस "बारीक" आहेत हे आजवर अंदाजाने म्हणत आले. आज मोजले.

साधन: हातातला लाल लेझर, ज्यावर ६५० नॅनोमीटर लिहिलेलं आहे. एक केस कार्डाच्या चौकटीत ताणून चिकटवला, चौकट भिंतीपासून बरोबर २ मीटरवर उभी केली, खोलीत अंधार केला आणि लेझर केसावर मारला. भिंतीवर एक ठिपका दिसायला हवा, पण दिसते ती आडवी रेघ: मधे लांबट उजेड आणि दोन्हीकडे उजेड-अंधाराचे तुकडे. केस जितका बारीक, तितके हे तुकडे लांब लांब पडतात. मधल्या बिंदूपासून चौथ्या काळ्या पट्ट्यापर्यंत १०.२ सेंटिमीटर भरले, म्हणजे एका पट्ट्याला २५.५ मिलिमीटर. लहरीची लांबी गुणिले अंतर, भागिले पट्ट्यांमधलं अंतर: ५१ मायक्रॉन. मिलिमीटरचा विसावा भाग. (लेझर डोळ्यांत जाणार नाही अशा बेताने सगळं केलं. आरसे आधी झाकले.)

पाच केस मोजले, ४८ ते ५५च्या मधे आले. केस अगदी गोल नसतो, लंबगोल असतो, त्यामुळे तोच केस वळवून लावला तर आकडा थोडा हलतो.

मग ताईचा एक केस मागून घेतला. ८४. ती म्हणाली, "म्हणून तर माझी क्लिप तुझ्या डोक्यावर टिकत नाही."

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मीही घोळ घालत होते. तलम केस आणि विरळ केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलम म्हणजे एकेका केसाची जाडी कमी, विरळ म्हणजे संख्या कमी. माझे केस दाट आहेत, फक्त तलम आहेत. संध्याकाळी टाळू दिसतो तो केस कमी असल्यामुळे नाही, ते एकमेकांना चिकटून झुबके होतात आणि मधे वाटा पडतात म्हणून.

५ जून

आधारनोंद सुरू. शाम्पू नेहमीचा, कंडिशनर नेहमीचा, हातही नेहमीसारखा सैल. फक्त बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली. फरक १४ ग्रॅम. मला वाटत होतं, "थोडंसंच" लावते.

शिवाय आज पहिल्यांदा स्वतःकडे लक्ष देऊन पाहिलं. तळहातावर घेतलेला सगळा गोळा मी आधी माथ्यावर थापते, मग उरलेला हात टोकांवर फिरवते. म्हणजे ज्याला कमी हवं त्याला जास्त आणि ज्याला जास्त हवं त्याला पुसून उरलेलं.

९ जून

तीन धुण्यांची सरासरी: दोन तासांनी उभार ९ मिमी, दहा तासांनी ४ मिमी. टिश्यूवर दोन तासांनीच फिकट डाग. तुटलेले तुकडे ५.

"कंडिशनरने केस जड होतात" हे वाक्य आज गणितात बसवून पाहिलं आणि ते बसेना. डोक्यावर साधारण १ लाख केस धरले, लांबी ३० सेमी, जाडी ५१ मायक्रॉन, तर माझ्या सगळ्या केसांचं मिळून वजन जेमतेम ८० ग्रॅम होतं. लावलेल्या १४ ग्रॅम कंडिशनरमधलं बरंचसं पाणी, आणि उरलेल्यातलंही बहुतेक धुताना निघून जातं. अगदी हात सैल सोडून १ ग्रॅम मागे राहिलं म्हणू. ८० ग्रॅमवर १ ग्रॅम. एवढ्या वजनाने कुणी आडवं होत नाही.

मग आडवं कशाने होतं? दोन गोष्टी सुचल्या.

एक, घसरण. केस उभे राहतात ते एकमेकांना अडून. गवताची गंजी उभी राहते तशी. काडी काडीला धरून असते. कंडिशनरचं कामच मुळी हे धरणं सोडवणं आहे, म्हणून तर फणी सरकते. पण गुंता सुटतो त्याच घसरणीने आधारही सुटतो आणि केस समांतर होऊन खाली निजतात.

दोन, चिकटणं. रंगाचा कोरडा ब्रश फुललेला असतो, ओला केला की सगळे केस मिळून एक टोक होतं. पातळ तेलकट थर तेच करतो, फक्त वाळत नाही.

आणि हे तलम केसांनाच जास्त का, तर त्याचंही गणित आहे. वाकण्याला केस किती विरोध करतो हे जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं. ताईचा केस माझ्या १.६५ पट जाड आहे. वजनाला तो सुमारे २.७ पट भरेल, पण ताठपणात ७ पटींहून जास्त. तिचा केस घसरला तरी स्वतःच्या बळावर कमान धरून राहतो, माझा शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून उभा असतो. वर आणखी एक: एक ग्रॅम केसांमागे माझ्याकडे सुमारे ६०० चौरस सेमी पृष्ठभाग आहे, ताईकडे ३६६. तेवढ्याच वजनाच्या केसांवर थर बसायला जागा कितीतरी जास्त.

"जड" हा शब्द आता वहीपुरता बाद. "चप्पट" लिहायचं.

१६ जून

११, १३ आणि १५ तारखेला कंडिशनर अजिबात लावला नाही. बाकी सगळं तेच.

मला वाटलं होतं, उभार दुप्पट होईल. दोन तासांनी १२, दहा तासांनी ६. टोकं रुक्ष, तुकडे ११. म्हणजे टोकांचं नुकसान पुरेपूर आणि माथ्याला फायदा चिमूटभर. आरोपी घरात नाही तरी चोरी होतेच आहे.

टिश्यूने मात्र एक उपयोगी गोष्ट सांगितली. दोन तासांनंतरचा डाग गायब. दहा तासांनंतरचा जसाच्या तसा. तो डाग कंडिशनरचा नव्हताच, माझ्या टाळूच्या तेलाचा आहे. ते तेल किती सुटायचं ते शरीरातले हार्मोन ठरवतात. आपण कधी धुतो याच्याशी त्या ग्रंथींना देणंघेणं नसतं. संध्याकाळच्या चप्पटपणाचा तेवढा वाटा माझा मलाच घ्यावा लागणार.

१८ जून

चोर सापडला. शाम्पू.

तीन तास दोन्ही बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, पण १ टक्क्याच्या खालच्या घटकांना हा क्रम बंधनकारक नसतो, ते कसेही लिहिता येतात. ती रेषा यादीत आखलेली नसते. मी एक खूण वापरते: फेनॉक्सिएथेनॉल हे परिरक्षक (माल नासू न देणारा घटक) युरोपच्या नियमांत १ टक्क्यापर्यंतच चालतं, तेव्हा त्याच्या पुढे जे काही लिहिलंय ते बहुधा नावापुरतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या चित्रासह मिरवणारे अर्क बहुतेक वेळा याच शेपटात सापडतात.

कंडिशनरच्या यादीत पाण्यानंतर सेटेअरिल अल्कोहोल, मग बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, मग डायमेथिकोन (हे सिलिकोन). नावात अल्कोहोल आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, सेटेअरिल अल्कोहोल हा मेणासारखा घट्ट पदार्थ आहे. कंडिशनरला दाटपणा येतो तो त्याच्यामुळे. खरं काम बेहेनट्रायमोनियमचं. धुतलेल्या केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, हा रेणू धनभारित. तो जाऊन केसाला चिकटतो आणि शेपटी बाहेर ठेवतो. ती शेपटी म्हणजे हाताला लागणारा गुळगुळीतपणा. केस जितका झिजलेला तितका ऋणभार जास्त, म्हणून टोकांना तो आपोआप जास्त धरतो. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो हे धरलं तर माझी टोकं अडीच वर्षांची आहेत आणि मुळं या आठवड्यातली. मुळांशी केस अजून नवा आहे, त्याच्या खवल्यांवर जन्मजात स्निग्ध थर शाबूत आहे. त्याला कंडिशनर लावणं म्हणजे कोऱ्या वहीला कव्हरावर कव्हर घालणं.

हे सगळं अपेक्षित होतं. मग शाम्पूची बाटली पालथी केली आणि तिथे पॉलिक्वाटर्नियम-१०, ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड (दोन्ही धनभारित पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू) आणि डायमेथिकोन ओळीने बसलेले. हा शाम्पू नाहीच, हा शाम्पू-कंडिशनर आहे. पुढे कुठेही तसं म्हटलेलं नाही, "मुलायम" एवढंच.

अशा दुहेरी शाम्पूची युक्ती मोठी हुशार आहे. फेस होत असतो तोवर धनभारित पॉलिमर साबणी रेणूंसोबत विरघळलेला राहतो. पाणी ओतलं, द्रावण पातळ झालं, की तो साक्याच्या रूपात बाहेर पडतो आणि सोबत सिलिकोनचे थेंब घेऊन केसावर बसतो. म्हणजे जितकं मन लावून मी खळखळून धुते, तितका तो नेमका त्याच वेळी बसतो. आणि शाम्पू कुठे लावतो आपण? टाळूला. सहा बाटल्या कंडिशनर बदलले, शाम्पूकडे एकदाही पाहिलं नाही.

२४ जून

साधा, खोल साफ करणारा शाम्पू आणला. यादीत पॉलिक्वाटर्नियम नाही, सिलिकोन नाही. डायसोडियम ईडीटीए आहे, जे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतं. तीन धुणी, कंडिशनर शून्य.

उभार २१ मिमी, दहा तासांनी १५. पुठ्ठा डोक्यावर ठेवला तेव्हा काडी खाली जातच राहिली, मला वाटलं भोकातून निसटली.

आणि बाकी सगळा सत्यानाश. केस ओले असतानाच हाताला कुरकुरीत लागले, बोट फिरवलं तर चुं आवाज. वाळल्यावर प्लॅस्टिकची फणी जवळ नेली की केस तिच्याकडे झेपावतात. तुकडे २६. मानेजवळ सुपारीएवढी जट झाली, ती सोडवायला अर्धा तास गेला आणि शेवटचा वाटाण्याएवढा गोळा कात्रीने कापावा लागला. तो कागदावर ठेवून भिंगाखाली पाहिला. प्रत्येक केस आपापल्या जागी बरा होता, फक्त कुणीच कुणाला सोडायला तयार नव्हतं.

हे धरणं एकाच दिशेचं असतं, ते हाताने पाहता येतं. एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून लांबीच्या दिशेने चोळा. केस बोटांतून सरकायला लागतो, पण नेहमी एकाच बाजूला, मुळाचं टोक पुढे करून. खवले टोकाकडे उघडे असतात, कौलारू छपरासारखे, म्हणून तो उलट जात नाही. आता असे शेकडो केस उलटसुलट एकत्र आले की प्रत्येक जण आपल्या मुळाकडे सरकतो आणि गाठ आवळत जाते. त्यात केस ओला असला की पाणी पिऊन फुगलेला असतो: जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, लांबी २ टक्केही नाही. तो तेव्हा जास्त ताणला जातो आणि सहज दुखावतो. मी नेमकी तेव्हाच फणी घेऊन उभी होते.

कंडिशनर लागतो. हे मान्य. प्रश्न किती आणि कुठे एवढाच राहिला.

२६ जून

विश्रांती. जुना शाम्पू, जुना कंडिशनर, चप्पट डोकं, सुखाने विंचरणं.

४ जुलै

मात्रेचा प्रयोग. शाम्पू सौम्य, पण यादी तपासून घेतलेला, चिकटणारं काही नाही. तो फक्त टाळूला. कंडिशनर जुनाच, फक्त कानाच्या पाळीच्या खाली. आधी ८ ग्रॅम, मग ४, मग २, प्रत्येकी तीन धुणी. लावण्याआधी केस पिळून घ्यायचे, नाहीतर अर्धा कंडिशनर पाण्यासोबत कोपरावरून ओघळतो.

उभार आता ताई वाचणार. मी स्वतः वाचताना काडी जरा लवकर थांबवते, माझ्या लक्षात आलंय. तिला मात्रा सांगायची नाही.

२२ जुलै

८ ग्रॅम: १३ आणि ८ मिमी, तुकडे ४.
४ ग्रॅम: १७ आणि १२, तुकडे ७.
२ ग्रॅम: १८ आणि १३, तुकडे १३.

४ वरून २ वर गेल्यावर उभार एका मिलिमीटरने वाढतो आणि तुटणं जवळपास दुप्पट होतं. हा सौदा नको. चार.

चार ग्रॅम दिसतं कसं, हे लिहून ठेवायला हवं, रोज कुणी काटा घेऊन न्हाणीघरात जात नाही. मोठ्या द्राक्षाएवढा गोळा. हातात घेतल्यावर हा पुरणार नाही असंच वाटतं. तो दोन्ही तळहातांवर चोळून, बोटांच्या फटीतही पसरवून मग केसांवर घ्यायचा, आणि टोकांपासून वर यायचं. पाळीपर्यंत पोहोचेतो हातात काही उरत नाही, तेच बरं. मग रुंद दातांच्या फणीने एकदा वरून खाली. या फणीने जे काम होतं ते आधी मी दहा ग्रॅम जास्त ओतून करत होते.

जुनी बाटली संपली. त्याच कंडिशनरची नवी, २०० ग्रॅमची, आजपासून.

२८ जुलै

वेगळी वाट: ४ ग्रॅम कंडिशनर मगभर कोमट पाण्यात कालवून टोकं त्यात बुडवली. थर एकसारखा बसतो, पाठीमागच्या केसांनाही पोहोचतो. आकडे जवळपास तेच, १७ आणि १२. पण मगात डोकं घालून वाकून उभं राहायचा कंटाळा आला. सोडून दिलं.

३ ऑगस्ट

कपाटाच्या मागे तो मग सापडला. २८ तारखेचं उरलेलं मिश्रण "उद्या वापरू" म्हणून ठेवलं होतं. वर पाणी, खाली दह्यासारखा गाळ, आणि वास असा की झाकण पुन्हा ठेवलं. परिरक्षकाचं प्रमाण मूळ बाटलीसाठी ठरवलेलं असतं. पन्नासपट पाणी घातल्यावर ते कुणाला रोखणार? कंडिशनर पातळ करायचाच तर एका वेळेपुरता.

याच आठवड्यात उलटा क्रमही करून पाहिला: कोरड्या टोकांना आधी १० ग्रॅम कंडिशनर, वीस मिनिटं, मग शाम्पू, आणि पुढे काही नाही. उभार १९ आणि १३, कंडिशनर लावून आजवर आलेला सगळ्यात चांगला. पण शाम्पू बराचसा कंडिशनर काढून नेतो, त्यामुळे तुकडे १०. ज्यांची टोकं माझ्यापेक्षा नवी आहेत, केस खांद्याच्या वर आहेत, त्यांनी हे आधी करून पाहावं. मला नाही पुरत.

धुण्याआधी तेल लावण्याबद्दलही बरंच वाचलं. २००३च्या एका अभ्यासात खोबरेल तेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली, खनिज तेलाने आणि सूर्यफुलाच्या तेलाने नाही. खोबरेलाचा रेणू केसाच्या आत शिरतो हे कारण. तेलबंदी उठली की टोकांवर बघेन. आत्ता नियम म्हणजे नियम.

७ ऑगस्ट

आज उभार ११. चार ग्रॅम, तोच शाम्पू, तेच सगळं. ताईने दोनदा वाचलं.

बराच वेळ डोकं खाजवलं. मग आठवलं: न्हाऊन झाल्यावर फोन आला, टॉवेल डोक्याला गच्च गुंडाळून पाऊण तास बोलत बसले. केस टॉवेलखाली अर्धे वाळले, आडवे.

केस ओला होतो तेव्हा आतले हायड्रोजन बंध सुटतात, वाळताना नव्या जागी जुळतात. ज्या आकारात वाळला तो आकार धरतो. इस्त्री हेच करते, पिना लावून केलेले कुरळेही हेच. मी पाऊण तास केसांना झोपायला शिकवत होते. आणि हवा दमट झाली की तेच बंध पुन्हा सैल होतात, म्हणून बाहेरून आल्यावर सकाळचा उभार अर्धा. कंडिशनरला मी त्याचेही शिव्याशाप दिलेत.

९ ऑगस्ट

मुद्दाम तपासलं. टॉवेलने फक्त टिपलं, गुंडाळलं नाही. भांग उलट्या बाजूला पाडून मान खाली करून मुळं आधी वाळवली, मग भांग जागेवर आणला. १९ आणि १४. कंडिशनर चार ग्रॅमच. टॉवेलमुळे पडणारा फरक ८ आणि ४ ग्रॅममधल्या फरकापेक्षा मोठा निघाला, हे जरा अपमानास्पद आहे.

१७ ऑगस्ट

हायड्रोलाइज्ड केराटिनचा (केसातलं प्रथिन, बारीक तुकडे केलेलं) फवारा, धुतल्यावर तसाच ठेवायचा. पहिल्या दिवशी केस खरंच भरल्यासारखे वाटले. प्रथिनांचा पातळ पापुद्रा केसावर बसतो, थोडा ताठपणा देतो. म्हणून दर धुण्याला मारला. चौथ्यांदा केस झाडूसारखे. वाकवले की वाकलेलेच राहतात, तुकडे १५. एकदा साफ करणाऱ्या शाम्पूने धुतले, पूर्ववत झाले. महिन्यातून एखाददा ठीक असेल. लोभ माझा.

१९ ऑगस्ट

ताईने चार ग्रॅमचा नियम स्वतःवर लावला. संध्याकाळी फोन. "तुझ्या वहीला आग लाव. फणी मधेच अडकून दात तुटला तिचा." तिच्या केसांना दोन्ही बाजूंनी रंग आहे, लांबी माझ्या दीडपट. रंगवताना केसावरचा तो जन्मजात स्निग्ध थर निघून जातो, पृष्ठभाग पाणी ओढायला लागतो, ऋणभार वाढतो. तिला दहा-बारा ग्रॅम लागत असणार आणि तिचे ८४ मायक्रॉन ते पेलतात. मी तिला आकडा सांगायला नको होता, काटा द्यायला हवा होता.

दिला. काडी-पुठ्ठाही मागते आहे.

२५ ऑगस्ट

सध्या चाललंय ते असं. साधा शाम्पू टाळूला. साधारण दर पाचव्या धुण्याला साफ करणारा. केस पिळून चार ग्रॅम पाळीखाली, रुंद फणी, दोन मिनिटं, मग मान मागे टाकून धुणं, म्हणजे कंडिशनरचं पाणी माथ्यावरून येत नाही. टॉवेलने टिपणं. मुळं आधी, भांग उलटा. शेवटच्या तीन धुण्यांची सरासरी १८ आणि १३, तुकडे ६. दहा तासांनंतरचा टिश्यूवरचा डाग मात्र आधारनोंदीत होता तेवढाच आहे, त्याच्याशी भांडण संपवलं.

बाटली काट्यावर ठेवली: आतला माल ११० ग्रॅम शिल्लक. पूर्वीच्या हिशेबाने ही बाटली चौदा धुण्यांत, चार आठवड्यांत संपायची. उद्यापासून टोकांना धुण्याआधी खोबरेल, तीन धुणी. उभार वाचायला ताई येणार आहे. पुठ्ठा तिच्याकडेच आहे.